मदत हवी आहे: लॅपटॉपचा बोर्ड पूर्ण डेड, शॉर्ट आहे, कुठला कपॅसिटर काढू?

निळा_स्क्रू
बोर्ड पूर्ण डेड आहे. चार्जर लावला की त्याचा दिवा लुकलुकत राहतो. मीटरवर बीप येतोय, म्हणजे शॉर्ट नक्की. पण एकसारखे दिसणारे शे-दीडशे कपॅसिटर आहेत, त्यातला काढायचा कुठला? हॉट एअर (गरम हवेची गन) आहे, डीसी पॉवर सप्लाय आहे. परवापर्यंत चालू करायचाय, कृपया थेट उत्तर द्या.

मिलिओहम
बीप नेमका कुठे येतोय? बोर्डावर छापलेला नंबर काय (लॅपटॉपचं मॉडेल नको)? बॅटरीचा कनेक्टर काढलाय का? आणि बंद पडायच्या आधी त्याला काय केलं होतं?

निळा_स्क्रू
नंबर एलएने सुरू होतो, फोटो टाकतो. चार्जर १९ व्होल्टचा. बॅटरी काढलेलीच आहे, ते उघड आहे. बीप सगळीकडे येतो, प्रोसेसरजवळच्या कॉइलवर तर येतोच येतो.

तांब्याची_तार
प्रोसेसरच्या कॉइलवर बीप म्हणजे प्रोसेसर गेला. बोर्ड बदला, वेळ घालवू नका.

मिलिओहम
नाही हो, एवढ्यावरून प्रोसेसर मारू नका. बऱ्याच मीटरचा बीप तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतो. प्रोसेसरच्या कॉइलवर ग्राउंडशी (बोर्डाच्या सामाईक निगेटिव्हशी) एक-दोन ओहम धडधाकट बोर्डावरही येतात. ग्राफिक्स चिप असेल तर तिच्या कॉइलवर अर्धा ओहमसुद्धा येतो. तिथे बीप वाजणारच.

निळा_स्क्रू, बीप विसरा. मीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा, तो प्रत्येक मापातून वजा करायचा. मग ग्राउंडशी मोजा: जॅकचा प्लस, इनपुटच्या दोन मॉस्फेटनंतर (मॉस्फेट म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) 'आर०१०' छापलेला रुंद रेझिस्टर असेल, त्याची पलीकडची बाजू, ३ आणि ५ व्होल्टच्या कॉइल, प्रोसेसरची कॉइल. शेवटी ग्राउंड सोडून, आर०१० ते प्रोसेसरची कॉइल असं एक माप घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं.

जुनी_फाइल
डेटा आधी वाचवा! एसएसडी काढून बाहेरच्या डबीत घाला. डबी घेताना एसएसडी एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा ते बघा, खाच वेगळी असते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते.

निळा_स्क्रू
डेटाचं मी विचारलेलं नाही. एसएसडी बाहेरच आहे.

प्रोब टेकवून ०.२. जॅकवर काही नाही, आकडा किलोओहममध्ये चढत जातो. आर०१० च्या पलीकडे ०.६. ३ आणि ५ च्या कॉइल किलोओहममध्ये. प्रोसेसरची कॉइल १.३. आर०१० ते प्रोसेसरची कॉइल १.७.

वातीचा_धूर
सोपं आहे. १९ व्होल्ट आणि ५ अँपिअर थेट त्या लाइनवर द्या. जो खराब आहे तो धूर सोडेल. दहा सेकंदांत काम.

मिलिओहम
कृपया असं करू नका. त्या लाइनवरून प्रोसेसरला करंट देणारा वरचा मॉस्फेट शॉर्ट असेल, तर तुमचे व्होल्ट सरळ प्रोसेसरमध्ये शिरतील, आणि त्याला लागतो जेमतेम एक व्होल्ट. शिवाय सिरॅमिक कपॅसिटर धूर सोडताना खालचा थरही जाळतो. मग आतल्या थरात कायमचा शॉर्ट, आणि तो कुणालाच काढता येत नाही.

वातीचा_धूर
लाइनच १९ ची आहे, १९ दिले तर काय बिघडतं? सप्लायला लिमिट असतंच की. मी नेहमी असंच करतो, आजवर बिघडलं नाही.

मिलिओहम
लिमिट आहे तोवर व्होल्ट दाबलेले राहतात, हे खरं. पण कपॅसिटर जळून उघडा झाला, की त्याच क्षणी लाइन १९ वर उडी मारते. दुसरा काही दोष असेल तर तोही तेव्हाच भोगावा लागतो.

इथे आकडे चांगले आहेत. प्रोबचे ०.२ वजा करा: मुख्य लाइन (आर०१० च्या पलीकडची) ०.४, प्रोसेसर १.१, दोघांमधलं १.५. म्हणजे ०.४ अधिक १.१, वाट ग्राउंडमधूनच जाते. वरचा मॉस्फेट शॉर्ट असता तर दोघांमधलं माप शून्याच्या जवळ आलं असतं. जॅकवर शॉर्ट नाही, म्हणजे दोष इनपुट मॉस्फेटच्या पुढे. दिव्याचं लुकलुकणंही जुळतं: मॉस्फेट उघडतात, चार्जर स्वतःला बंद करतो, पुन्हा येतो.

आता सप्लाय १ व्होल्ट, लिमिट ३ अँपिअर. निगेटिव्ह स्क्रूच्या भोकाच्या कड्याला, प्लस आर०१० च्या पलीकडच्या बाजूला. जॅकमधून देऊ नका, एवढ्या व्होल्टला इनपुटचे मॉस्फेट उघडणारच नाहीत.

निळा_स्क्रू
दिले. २.१ अँपिअर घेतोय. बोटाला काहीच गरम लागत नाही. आता?

सोल्डरचा_थेंब
हीटसिंक काढलीय का?

निळा_स्क्रू
नाही. कशाला? फॅन साफ करून कालच परत बसवली. त्यानंतरच तर बंद पडला.

मिलिओहम
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! हीटसिंकचे स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळले की बोर्ड वाकतो आणि भोकाशेजारच्या सिरॅमिक कपॅसिटरला आतून तडा जातो. वरून काही दिसत नाही, आत प्लेट एकमेकींना भिडतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला असेल तर तोही तपासा.

बोटाला लागत नाही कारण ०.४ ओहमवर २.१ अँपिअर म्हणजे जेमतेम पावणेदोन वॅट, आणि तांब्याचा थर तेवढे पसरवून टाकतो. हीटसिंक आणि काळी फिल्म काढा. सप्लाय बंद असताना ९९ टक्क्यांचा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ब्रशने पातळ लावा, मग सप्लाय चालू करून बघा कुठे आधी वाळतं. पाणी मिसळलेला आयपीए नको, तो सगळीकडे सारखाच रेंगाळतो.

तांब्याची_तार
थर्मल कॅमेरा घ्या, आयपीए लावत बसणं जुनं झालं.

सोल्डरचा_थेंब
कॅमेऱ्यालाही चकचकीत धातू आणि सोल्डर नीट वाचता येत नाही. एका शॉर्टसाठी आयपीए पुरे.

निळा_स्क्रू
प्रोसेसरच्या वरच्या मॉस्फेटजवळ, हीटसिंकच्या भोकाशेजारी, चार कपॅसिटर ओळीने आहेत. चारही जवळजवळ एकदमच वाळतात. चारही काढू का?

मिलिओहम
चारही नको. करंट चालू ठेवा. मीटर मिलिव्होल्टवर, एक प्रोब आर०१० च्या पलीकडे, दुसरा एकेका कपॅसिटरच्या प्लस टोकावर, म्हणजे जे टोक ग्राउंडला नाही त्यावर. आर०१० पासून सुरू करून क्रमाने चार आकडे द्या.

निळा_स्क्रू
२.९, ३.४, ४.१, ४.१

मिलिओहम
तिसरा. करंट वाहतो तोवर व्होल्टची घट वाढत जाते. तिसऱ्यानंतर वाढ थांबली, म्हणजे करंट तिसऱ्यातच ग्राउंडला उतरतोय. चौथ्याकडे काही जातच नाही, म्हणून तो तिसऱ्याचाच आकडा दाखवतो. नुसता सगळ्यात मोठा आकडा शोधला असता तर चौथाही विनाकारण निघाला असता.

सोल्डरचा_थेंब
काढताना शेजारच्यांना कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) लावा, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वितळवणारा लेप), ३८० अंश, हवा कमी. ग्राउंडचं टोक मोठ्या तांब्याला जोडलेलं असतं, उशिरा वितळतं. आधी बोर्ड खालून शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवा. दोन्ही टोकं हलेपर्यंत चिमट्याने ओढू नका, पॅड उपटून येईल.

निळा_स्क्रू
काढला. लाइन आता किलोओहममध्ये चढते. काढलेल्या कपॅसिटरवर अजून अर्धा ओहम येतोय. चार्जर लावू?

मिलिओहम
अजून नाही. आधी सप्लायमधून जॅकला १९ व्होल्ट, लिमिट ०.५ अँपिअर. ३ आणि ५ च्या कॉइलवर ३.३ आणि ५ येतात का बघा. काही बोर्डांवर ५ बटण दाबल्यावरच येतं. हीटसिंक नसताना बटण दाबू नका. ती बसवताना स्क्रू छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा.

जागी १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, एक्स५आर (सिरॅमिकचा प्रकार), त्याच मापाचा घाला. ६.३ किंवा १० व्होल्टचा घातलात तर पुन्हा शॉर्ट. या कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं, रंगावरून उचलू नका. दुसऱ्या मेलेल्या बोर्डाच्या १९ व्होल्टच्याच लाइनवरचा काढून मोजून घ्या. तपासण्यापुरते तीन चालतील. कायमचं तसं ठेवू नका, उरलेल्या तिघांवर रिपलचा (करंटच्या चढउताराचा) भार येतो.

निळा_स्क्रू
स्टँडबाय ०.०२ अँपिअर, ३.३ आणि ५ दोन्ही आले. हीटसिंक बसवून, लिमिट ३ करून बटण दाबलं, स्क्रीन आली. कपॅसिटर उद्या घालतो. मनापासून आभार.

अर्धा_ओहम
माझाही सेम प्रॉब्लेम. चार्जरचा दिवा नीट जळतो, सप्लायवर करंट ०.०० दाखवतो. मीही तिसरा कपॅसिटर काढू का?

मिलिओहम
अजिबात नाही, तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. करंट ०.०० म्हणजे बहुधा इनपुटचे मॉस्फेट उघडतच नाहीयेत. पहिल्या मॉस्फेटच्या दोन्ही बाजूंना आणि गेटवर (त्याला उघडणाऱ्या पायावर) किती व्होल्ट येतात ते मोजा, बोर्डाचा नंबर घ्या आणि नवा धागा काढा.