जुनी, शेकडो पानांची वेबसाइट सांभाळायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाची एक जुनी साइट आहे. निरीक्षणांच्या नोंदी, पक्ष्यांची माहिती, ऋतूनुसार याद्या, छायाचित्रं अशी साडेतीनशेच्या आसपास पानं. ज्या काकांनी ती उभी केली आणि इतकी वर्षं एकहाती चालवली, त्यांना आता प्रकृतीमुळे जमत नाही. त्यांनी ती माझ्याकडे सोपवली आहे आणि ती नीट चालावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

साइट फ्रंटपेज या मायक्रोसॉफ्टच्या वेबपानं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली आहे. त्याची २००३ ची आवृत्ती शेवटची ठरली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बंदच केलं. त्याच्या जागी आलेलं एक्स्प्रेशन वेब २०१२ च्या अखेरीस फुकट देऊन टाकलं आणि त्याचाही विकास थांबवला. म्हणजे काकांचा जुना संगणक चालू आहे तोवर साइटमध्ये बदल करता येणार, पुढे काय हा प्रश्न आहे.

मी एक पान साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघितलं. खंड्या पक्ष्याचं पान, मजकूर जेमतेम तीन परिच्छेद. पण त्या तीन परिच्छेदांभोवती एकात एक घातलेली टेबलं, प्रत्येक ओळीला वेगळा फॉन्ट टॅग, आणि जागोजागी 'वेबबॉट' असं लिहिलेल्या टिप्पण्या. डावीकडचा मेनू प्रत्येक पानात जसाच्या तसा उतरवलेला आहे. फ्रंटपेज असताना एका ठिकाणी बदल केला की तो सगळीकडे बदलून देत असे. फ्रंटपेज काढून टाकलं तर मेनूत एक शब्द वाढवायला सगळी पानं उघडावी लागतील. भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारा काउंटर आणि अभिप्रायाचा फॉर्म दोन्ही केव्हाच बंद पडलेत, कारण त्यांना सर्व्हरवर फ्रंटपेजची खास एक्स्टेन्शन्स लागत आणि ती आता कुठलं होस्टिंग देत नाही.

पुढे पानं संपादित करणारे आम्ही तिघं असू. मला एचटीएमएल (पानाचा कोड) आणि थोडं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) येतं. बाकी दोघांना कोड येत नाही आणि त्यांच्यावर तो लादायचाही नाही. त्यांचं पक्ष्यांचं ज्ञान साइटवर यावं एवढंच हवं आहे.

आतापर्यंत बघितलेलं थोडक्यात सांगते. कॉम्पोझर हे पानं बनवायचं सॉफ्टवेअर दिसायला ओळखीचं आणि सोपं वाटलं, पण त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २००७ ची आहे. सीमंकी या ब्राउझरमधला संपादक (पान लिहायचा भाग) अजून मिळतो, पण तो एचटीएमएल ४ च्या जमान्यातला कोड लिहितो. ड्रीमवीव्हर १९९७ पासून आहे, मॅक्रोमीडियाकडून २००५ मध्ये अडोबीकडे गेलं. ते समर्थ आहे, पण वर्गणी भरत राहावी लागते आणि तिघांसाठी ते परवडणार नाही. ब्रॅकेट्स हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर मला फार आवडलं होतं, त्याचा पाठिंबा अडोबीनं २०२१ मध्ये काढून घेतला. अ‍ॅटम हे तसंच सॉफ्टवेअर तर गिटहब या कोड ठेवायच्या सेवेनं २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद केलं. विक्ससारख्या सेवांमध्ये ओढून-ठेवून सुंदर पान पटकन होतं, मात्र तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही.

हे सगळं बघून माझं एक मत पक्कं झालं आहे: सॉफ्टवेअर आज ना उद्या बंद पडणार हे धरूनच निवड करायची. ते गेलं तरी आमच्या फाइली साध्या संपादकात उघडता आणि वाचता आल्या पाहिजेत. ही अट मी सोडणार नाही. ती पाळून, कोड न येणाऱ्या दोघांनाही वापरता येईल असं काय आहे?

आणखी एक. जुन्या पानांचे पत्ते बदलायचे नाहीत. इतर अनेक साइट्सनी आमच्या याद्यांना दुवे दिलेले आहेत, ते तुटू नयेत.

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न संपादकाचा आहे असं वरवर वाटतं, पण खरी अडचण त्या मेनूची आहे. एचटीएमएलमध्ये 'हा तुकडा त्या फाइलीतून आण' अशी सोय मुळात नाहीच. फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर ती उणीव आपापल्या टेम्प्लेटांनी (सगळ्या पानांच्या सामाईक साच्यांनी) भरून काढत. म्हणून आधी टेम्प्लेट कसं सांभाळायचं ते ठरवा, संपादक मग कोणताही चालेल. व्हीएस कोड घ्या, नोटपॅड प्लस प्लस घ्या, केट घ्या. तिन्ही फुकट आहेत आणि फाइलीत स्वतःचं काही घुसडत नाहीत.

टेम्प्लेटसाठी स्टॅटिक साइट जनरेटर बघा. ह्यूगो, इलेव्हंटी, जेकिल हे त्यातले प्रसिद्ध. मेनू, शीर्षपट्टी, तळपट्टी एकदाच लिहायची, मजकूर वेगळ्या फाइलींत ठेवायचा. जनरेटर दोन्ही जोडून तयार पानं देतो. सर्व्हरवर जातं ते शुद्ध एचटीएमएल. ना डेटाबेस, ना काही अपडेट करत बसायचं.

तुमच्या बाबतीत मी जेकिल सुचवेन. ज्या फाइलीच्या माथ्यावर तीन-तीन आडव्या रेघांमध्ये शीर्षक, टेम्प्लेट वगैरे दिलेलं असतं, तेवढ्याच फाइलीवर तो काम करतो. बाकीच्या जशाच्या तशा उचलून ठेवतो. म्हणजे साडेतीनशे पानं एका दमात बदलायची गरज नाही. आज दहा पानं नव्या टेम्प्लेटमध्ये आणा, उरलेली जुन्या रूपात चालू राहतील. पत्त्यांचंही तसंच: फाइलीचं नाव आणि जागा तीच ठेवली की पत्ता तोच राहतो, आणि हवा तर माथ्यावर परमालिंक (पानाचा कायमचा पत्ता) लिहून नेमका ठरवताही येतो. गिटहब पेजेसवर (गिटहबच्या साइट ठेवायच्या सेवेवर) ठेवलंत तर जेकिल तुमच्या संगणकावर बसवायचीही गरज नाही, फाइल बदलली की पान तिकडेच तयार होतं.

एक सावधगिरी मात्र आधीच बाळगा. नावाची सुरुवात अधोरेषेनं (_) होणारे फोल्डर जेकिल वगळतो, आणि फ्रंटपेजचे अंतर्गत फोल्डर नेमके तसेच असतात. त्यातले 'व्हीटीआय' नावाचे गेले तर उत्तमच, ते फ्रंटपेजच्या स्वतःच्या हिशेबाचे होते. (फ्रंटपेज मूळ व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीचं, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली, ती अक्षरं तिथली.) पण 'थीम्स' आणि 'डिराइव्ह्ड' या फोल्डरांत बटणांची आणि शीर्षपट्ट्यांची चित्रं असतात. ती वगळली गेली तर जुन्या पानांवर रिकाम्या चौकटी दिसतील. जेकिलच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलीत 'इन्क्लूड' खाली त्या फोल्डरांची नावं लिहा, मग ते राहतील.

जुना मेनू काढायला व्हीएस कोडमध्ये पूर्ण फोल्डर उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एच दाबा. सगळ्या फाइलींत एकदम शोधून बदलता येतं, रेग्युलर एक्स्प्रेशनही (नमुना देऊन शोधायची पद्धत) चालतं. फ्रंटपेजनं मेनूच्या आगेमागे 'एमएसनॅव्हिगेशन' अशा खुणा सोडलेल्या असतील, त्या पकडा. आधी फोल्डरची प्रत काढून त्या प्रतीवर करा.

प्रतिसाद २

वरचा सल्ला तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, पण ज्या दोघांना कोड येत नाही त्यांचं काय? मी वर्डप्रेस, म्हणजे ब्राउझरमधूनच पानं लिहायचं सॉफ्टवेअर, सुचवीन. २००३ पासून आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट्स त्यावर चालतात, म्हणजे अडलं तर विचारायला माणसं मिळतात. प्रत्येकाला वेगळं खातं, वेगळे अधिकार. एकानं लिहायचं, तुम्ही तपासून प्रकाशित करायचं, ही पद्धत त्यात तयारच आहे. मुक्तस्रोत आहे, तेव्हा होस्टिंग बदलता येतं.

दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. मजकूर फाइलींत न राहता डेटाबेसमध्ये राहतो, त्यामुळे तुमची साध्या संपादकात वाचण्याची अट सरळ पुरी होत नाही. आणि वर्डप्रेस, थीम, प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) हे सगळं वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणारं माणूस कायम लागतं. दुर्लक्षित वर्डप्रेस साइट हॅक व्हायला वेळ लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार, खूपच नेमकं सांगितलंत. अधोरेषेच्या फोल्डरांचं तर मला कधीच सुचलं नसतं.

वर्डप्रेसची सोय पटते, पण आमच्यात साइटकडे रोज बघणारं कुणी नाही. सहा महिने हात लावला नाही तरी ती सुरक्षित उभी राहिली पाहिजे, म्हणून मी स्टॅटिककडे झुकते आहे. प्रश्न राहतो बाकी दोघांचा. पब्ली नावाचं एक सॉफ्टवेअर सापडलं: संगणकावर बसतं, वर्डसारखं लिहायचं, बटण दाबलं की स्टॅटिक पानं तयार करून एफटीपीनं (फाइली सर्व्हरवर पाठवायच्या पद्धतीनं) चढवतं. कुणी तिघांनी मिळून वापरलंय का?

प्रतिसाद ३

पब्ली एकट्या माणसासाठी छान आहे. साइट एका संगणकावरच्या फोल्डरमध्ये राहते, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी काम केलं की एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या प्रतीखाली पुसलं जाऊ शकतं. तुम्हाला ते जमणार नाही.

त्याऐवजी जेकिलला डेकॅप जोडून बघा, पूर्वी याचं नाव नेटलिफाय सीएमएस होतं. ब्राउझरमध्ये साधा फॉर्म उघडतो: पक्ष्याचं नाव, मजकूर, चित्र. जतन केलं की मजकूर साध्या फाइलीच्या रूपात गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) जातो. लिहिणाऱ्याला कोड दिसत नाही, आणि उद्या डेकॅप बंद झालं तरी फाइली तुमच्याच. कुणी काय बदललं याचा इतिहासही राहतो. मांडणी करताना लॉगिनचा भाग थोडा किचकट आहे, तो तुम्ही एकदा बसून करा.

छायाचित्रं किती आहेत ते मोजा. गिटहब पेजेसवर प्रकाशित साइट १ जीबीच्या आत असावी लागते. कॅमेऱ्यातून आलेली चित्रं तशीच चढवू नका, लहान करून घ्या.

आणि त्या दोघांना वर्डमधून थेट चिकटवू देऊ नका. वर्डमधला मजकूर येताना 'एमएसओनॉर्मल' सारखे क्लास आणि फॉन्टच्या सूचनांचा गठ्ठा घेऊन येतो, काही पानांतच सगळं पुन्हा फ्रंटपेजसारखं होईल. कंट्रोल, शिफ्ट, व्ही दाबलं की ब्राउझरमध्ये नुसता मजकूर येतो.

तुमची जुनी मराठी पानं युनिकोडमध्ये (खास फॉन्टशिवाय सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) आहेत का? त्या काळच्या अनेक साइट्स नव्हत्या.

धागाकर्ती

तेच आत्ता तपासलं. अलीकडची पानं युनिकोड आहेत, पण सर्वात जुनी शंभरेक पानं शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, फोनवर तर काहीच वाचता येत नाही. मौल्यवान नोंदी त्याच पानांत आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करायची असं ठरवलं आहे. आधी रूपांतर, मग सगळ्या फाइली यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या रूपात) जतन करून जेकिल, शेवटी डेकॅप.

एक पान ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढून बघितलं. बहुतेक मजकूर नीट आला. रफार मात्र काही ठिकाणी पुढच्या अक्षरावर गेला, ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरात चुकीच्या जागी बसली, आणि 'दऱ्यांमधले' चं सगळीकडे 'दर्यांमधले' झालं. टॅगांमधली अक्षरंही त्यानं देवनागरी करून टाकली, त्यामुळे दुवे आणि चित्रं मोडली.

तेव्हा आता नेमका प्रश्न हा: एचटीएमएलचे टॅग न बिघडवता फक्त मजकूर बदलणारा, आणि पूर्ण फोल्डरवर एकदम चालवता येणारा शिवाजी ते युनिकोड कन्व्हर्टर कुणी वापरला आहे का? नसेल तर पायथनमध्ये लिहायची माझी तयारी आहे. ज्यांनी हे आधी केलंय त्यांनी रफार आणि वेलांटीचे नियम कोणत्या क्रमानं लावायचे एवढं सांगितलं तरी काम पुढे सरकेल.