मदत हवी आहे: एमजीबीचं इंजिन न उतरवता पिस्टन बदलता येतील का?

कॉव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 1973 ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंजिन मूळचंच, 18व्ही प्रकारचं, 1798 सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. हल्ली गाडी तेल खूप खाते. चढावर जोर दिला की मागे निळा धूर येतो, आणि इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढलं की आतून हवा फसफसत बाहेर पडते.

कॉम्प्रेशन तपासलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. 1, 2 आणि 4 नंबरला 155 ते 160 पीएसआय, 3 नंबरला फक्त 95. मग 3 नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा पाहिलं तर 130. म्हणजे व्हॉल्व्हपेक्षा रिंगा किंवा पिस्टनचाच संशय जास्त. त्याचा प्लगही तेलाने ओला आहे.

अडचण जागेची आहे. गॅरेज भाड्याच्या घराचं, जेमतेम एका गाडीपुरतं. पुढे क्रेन लावायला जागा नाही आणि बाहेरचा रस्ता उताराचा. इथल्या वर्कशॉपवाल्याने 'इंजिन उतरवल्याशिवाय हात लावणार नाही' असं सांगितलं. पण मॅन्युअलमध्ये पिस्टन कनेक्टिंग रॉडसकट वरून काढायचे आहेत. मग वरचं हेड काढलं, खालचं तेलाचं चेंबर काढलं, की इंजिन जागेवर ठेवून काम व्हायला हवं ना? चेंबरचे पुढचे बोल्ट क्रॉसमेंबरच्या (गाडीच्या पुढच्या आडव्या तुळईच्या) वर येतात, तिथे पाना कसा घालायचा? होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत दगडाने घासणं, गाडीतच केलेलं चालतं का? आणि खराबी एकाच सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टन एकच घ्यायचा की चारही?

हे काम मला स्वतःच करायचं आहे. ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांनी जरूर लिहा.

लेथमास्तर, सांगली

होतं. तुमचं इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, आणि आपल्या अँबॅसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. सरकारी अँबॅसेडरचं रिंग-पिस्टनचं काम आम्ही इंजिन गाडीतच ठेवून कितीतरी वेळा केलं आहे. हाफ इंजिनचं काम म्हणजे हेच.

पण एक गोष्ट आधी ठरवा. इंजिन उतरवायचं की नाही हे तुमच्या गॅरेजच्या जागेवर ठरत नाही, बोअरवर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक किती झिजलं आहे त्यावर ठरतं. म्हणून आत्ता पिस्टन मागवू नका. आधी हेड काढा आणि बोअर मोजा. डायल बोअर गेज भाड्याने मिळालं तर उत्तम. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजायचा, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवा, दोन्हीकडून. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगच्या पट्ट्यात, आडव्या बाजूला सापडते. टेपर (वर-खाली मापात फरक) किंवा ओव्हल (गोलाई बिघडणं) पाच-सहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर गेलं, किंवा भिंतीवर नखाला लागेल अशी उभी चर दिसली, तर विषय संपला: ब्लॉक बोअर करायला मशीनवर जाणार, म्हणजे इंजिन बाहेर. मग बोअर किती करावा लागतो ते पाहून ओव्हरसाइझ पिस्टन घ्यायचे. झीज कमी असेल तर त्याच मापाचे पिस्टन, नव्या रिंगा आणि हलकं होनिंग पुरतं.

हेड काढताना आधी ब्लॉकमधलं पाणी पूर्ण सोडा. रॉकर शाफ्टच्या स्टँडचे काही नट हेडचेही आहेत, त्यामुळे नुसता रॉकर काढायचा म्हणून तेवढेच नट सोडवलेत तर हेड वाकतं. सगळे नट क्रमाने, थोडे थोडे ढिले करा. पुशरॉड पुठ्ठ्यात भोकं पाडून नंबराने खोचून ठेवा.

चेंबरसाठी रेडिएटर काढा, एक्झॉस्टचा पुढचा पाइप सोडवा, इंजिन माउंटिंगचे नट काढा आणि बेलहाउसिंगखाली (इंजिनमागच्या क्लचच्या कव्हरखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन जरा वर घ्या. चेंबरला जॅक लावायचा नाही. गाडी ॲक्सल स्टँडवर पक्की हवी, जॅकच्या भरवशावर खाली झोपू नका.

डर्बीची_स्नेहल

मी माझी एमजीबी केली तेव्हा इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर काढलं आणि मला ते बरं वाटलं. विरोध करत नाही, पण धोका सांगते. होनिंगचा दगड झिजून त्याची बारीक भुकटी खाली क्रँकवर पडते. ती बेअरिंगच्या मऊ धातूत रुतली तर नवं बेअरिंगही फार टिकत नाही. बाहेर काढलेला ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासता येतो, गाडीत ते शक्य नाही.

गाडीतच करणार असाल तर क्रँकच्या प्रत्येक जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) ग्रीस लावून प्लास्टिक आणि कापड घट्ट गुंडाळा, तेलाची भोकं बंद करा. होनिंगनंतर पांढरं सुती कापड तेलात बुडवून बोअर पुसत राहा, कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत. इथे कंटाळा केला तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

आणि 18व्हीमध्ये गजन पिन, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणारी पिन, रॉडमध्ये प्रेस-फिट, म्हणजे दाबून घट्ट बसवलेली असते. ती हातोडीने ठोकून काढू नका, रॉड वाकतो. रॉड-पिस्टन मशीन शॉपला द्या.

कॉव्हेंट्रीकर

काका, स्नेहलताई, मनापासून आभार. हेड काढून बोअर मोजला. चारही सिलिंडरमध्ये वरच्या पट्ट्यात झीज दोन ते अडीच थाऊ, उभी चर कुठेच नाही. इंजिन वर घेतल्यावर चेंबरचे पुढचे बोल्ट लांब एक्स्टेंशनने निघाले. 3 नंबरचा पिस्टन बाहेर आला तेव्हा कारण हातात आलं: पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कडा तुटली आहे, पहिल्या रिंगचेही दोन तुकडे. सुदैवाने भिंतीला ओरखडा नाही. बाकीचे तीन दिसायला ठीक आहेत.

लेथमास्तर, सांगली

अडीच थाऊ म्हणजे इंजिन जागेवरच राहू द्या. पण पिस्टन चारही घ्या. पन्नास वर्षं जुने तीन आणि नवा एक असं करू नका, वजनात फरक पडतो. नव्या चौघांचंही वजन करून जुळवून घ्या. बोअरच्या वरच्या टोकाला जी ओठासारखी कडा उरते ती रिज रीमरने काढा, नाहीतर नवी पहिली रिंग तिच्यावर आपटून मोडेल. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने गॅप पाहा. बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाऊ या हिशोबाने तुमच्याकडे कमीत कमी साडेबारा थाऊ, म्हणजे साधारण 0.32 मिमी. रॉड आणि त्याची कॅप यांची जोडी कधीच बदलायची नाही. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे आत घालताना जर्नलला ओरखडा पडणार नाही. चेंबर उघडलंच आहे तर बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बेअरिंगं बदलून टाका.

आता खरा प्रश्न: कडा तुटली कशाने? ती आपोआप तुटत नाही. चढावर इंजिन टकटक करत होतं का?

कॉव्हेंट्रीकर

हो, काका. उन्हाळ्यात चढावर बारीक टकटक ऐकू यायची.

डर्बीची_स्नेहल

मग डिस्ट्रिब्युटर उघडा. आतल्या ॲडव्हान्स वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या की इंजिनचा वेग वाढल्यावर टायमिंग हवं त्यापेक्षा पुढे जातं. आयडलिंगला टायमिंग बरोबर दिसतं, म्हणून हा दोष सापडत नाही. 3000 आरपीएमला स्ट्रोब (टायमिंग तपासायचा लुकलुकता दिवा) लावून पाहा. इथे ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं 95 ऑक्टेनचं पेट्रोल ई10, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे. मी माझ्या गाडीत ई5 सुपरच घालते: ऑक्टेन जास्त, आणि जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉलचा त्रास कमी.

कॉव्हेंट्रीकर

डिस्ट्रिब्युटरची एक स्प्रिंग हुकावर सैल लटकत होती! दुरुस्तीला पाठवला आहे. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगं मागवली. शेवटचं विचारतो: चेंबर बसवताना आणि पहिल्यांदा चालू करताना काय सांभाळू?

लेथमास्तर, सांगली

क्रँकच्या पुढच्या आणि मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपला कॉर्कची सील आहेत, तेलगळती तिथूनच सुरू होते. ती नीट बसली की मगच चेंबर लावा. चेंबरच्या बोल्टांना 6 पौंड-फूट पुरे, जास्त आवळलं तर पत्रा वाकतो. हेडच्या नटांना 45 ते 50, टप्प्याटप्प्याने.

तेल 20डब्ल्यू-50 मिनरल घाला, सिंथेटिक आत्ता नको. आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलला की प्लग लावा. चालू झाल्यावर बराच वेळ आयडलिंगला ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. सरळ रस्त्यावर न्या, मध्यम जोर द्या, सोडा, पुन्हा द्या. पहिलं तेल 500 मैलांच्या आत बदला, आणि तेव्हा पुन्हा कॉम्प्रेशन घेऊन चारही आकडे इथे टाका.