चर्चा धागा: सिडनीच्या घराच्या कागदावर 'पॅरिश' आणि 'काउंटी' हवीतच कशाला?

हॅरिसपार्ककर
गेल्या महिन्यात घर घेतलं. वकिलाने टायटल सर्चचा, म्हणजे मालकीच्या नोंदीचा, कागद पाठवला. त्यात लॉट म्हणजे प्लॉटचा नंबर, डिपॉझिटेड प्लॅनचा (सरकारदरबारी नोंदवलेल्या मोजणी नकाशाचा, थोडक्यात डीपी) नंबर, कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका पॅरामॅटा, इथवर ठीक. पुढे मात्र 'पॅरिश ऑफ सेंट जॉन, काउंटी ऑफ कंबरलँड'. आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "पॅरिश म्हणजे चर्चचं ना रे? वर्गणी द्यावी लागते की काय?" वकिलाला विचारलं, तो म्हणाला नेहमीच असतं, लक्ष देऊ नका.

पण मी लक्ष देणारा माणूस. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, अशा 141 काउंट्या आहेत आणि त्यांच्या पोटात हजारो पॅरिश. काउंटीला कलेक्टर नाही, कचेरी नाही. पॅरिशला तलाठी नाही, चावडी नाही. घरपट्टी कौन्सिल घेते, पत्र सबर्बच्या नावावर येतं. आणि प्लॅनचा नंबर अख्ख्या राज्यात एकच असतो, दोनदा येत नाही. मग लॉट आणि प्लॅन एवढं पुरे की! 2021 मध्ये इथल्या सरकारने कागदी टायटल बंद केलं, तेव्हाच ही ओळही उडवायला हवी होती. ठेवावी असं वाटणाऱ्यांनी एक तरी उपयोग सांगा.

भूकरमापक (निवृत्त)
तुमच्या देशाचं मला फार कळत नाही, पण नोकरी मोजणी खात्यात गेली. सकाळी कुणी तरी यायचा, "साहेब, गट नंबर 112 ची मोजणी करायची." आमचा पहिला प्रश्न ठरलेला: मौजे कोणतं? 112 तर प्रत्येक गावात असतो. गाव, तालुका, जिल्हा लागल्याशिवाय नंबर म्हणजे नुसता आकडा. तुमचा पॅरिश म्हणजे आमचं मौजे, आणि काउंटी म्हणजे तालुका समजा. काढून टाका म्हणणं सोपं असतं.

हॅरिसपार्ककर
काका, तोच तर फरक आहे. तुमचे 112 शंभर असतात, इथला डीपी नंबर एकच. शिवाय आता सातबाऱ्यावरही भू-आधारचा, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा एकमेव, नंबर येतोच ना? म्हणजे तुम्हीही त्याच वाटेने चाललात.

साखळीवाला
मी न्यूकॅसलकडे सर्व्हेअरच्या ऑफिसात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीपी नंबर एकमेव आहे हे खरं. पण तो जमिनीचा जन्म नाही, नंतरचं बारसं आहे. सरकारने जमीन पहिल्यांदा मोजून दिली तेव्हा तिला 'पोर्शन' नंबर मिळाला, आणि तो पॅरिशवार. प्रत्येक पॅरिशमध्ये पोर्शन 1 आहे, पोर्शन 2 आहे. अगदी काकांच्या 112 सारखं. टॉरेन्स पद्धतीचं टायटल, म्हणजे सरकारी नोंदवहीतली नोंद हीच मालकी, इथे 1863 पासून सुरू झालं. त्याआधी दिलेल्या जमिनी जुन्या खतांवर चालायच्या आणि त्या खतांत पॅरिश-काउंटीशिवाय पान हलत नाही.

मागे एक काम आलं होतं. दोन शेजारी, कुंपण हातभर इकडे की तिकडे एवढाच वाद. नव्या प्लॅनवर मोजून भागेना, कारण तो प्लॅन जुन्यावर बेतलेला, जुना त्याहून जुन्यावर. शेवटी पॅरिशचा नकाशा काढला. प्रत्येक तुकड्यात पहिल्या घेणाऱ्याचं नाव, पोर्शन नंबर, आणि क्षेत्र एकर-रूड-पर्च या जुन्या इंग्रजी मापांत. वर लाल शाईने नंतरच्या दुरुस्त्या. त्यावरून मूळ मोजणीचा प्लॅन सापडला आणि त्यात कोपऱ्याला खूण केलेलं झाड. झाड कधीच गेलेलं, पण झाडापासून कोपऱ्याचं अंतर आणि दिशा लिहिलेली होती. पॅरिशचं नाव माहीत नसतं तर शोध सुरूच झाला नसता.

हॅरिसपार्ककर
बरं, म्हणजे तुम्हा लोकांना लागतं. मग तुमच्या कपाटात ठेवा. माझ्या टायटलवर कशाला?

आणि घोळ बघा. 2016 मध्ये इथल्या कौन्सिलांची मोडतोड झाली, होलरॉइड आणि ऑबर्न गेल्या आणि नवी कौन्सिल आली. तिचं नाव काय ठेवलं? कंबरलँड! आता मेरीलँड्सच्या माणसाच्या टायटलवर कौन्सिलही कंबरलँड आणि काउंटीही कंबरलँड. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही.

साखळीवाला
तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत! कौन्सिली मोडतात, जुळतात, नाव बदलतात. काउंटी कंबरलँड 1788 च्या जून महिन्यात वसाहतीचा पहिला गव्हर्नर फिलिप याने जाहीर केली, ती अजून तीच आहे. जुन्या खतात कौन्सिलचं नाव असतं तर आज कुठे शोधलं असतं? आपल्याकडे पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या सगळ्या खरेदीखतांवर जिल्हा ठाणे. मौजे तेच राहिलं म्हणून बरं.

रेवती, मेलबर्न
मौजे आणि पॅरिश एक, हे मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे गाव आधी होतं. पांढरीत घरं, काळीत शेतं, शीव कुठे लागते ते गुराख्यालाही ठाऊक. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास इंदापुरापासून मोजणी सुरू केली तेव्हा त्यांनी असलेल्या गावांनाच नंबर लावले.

इथे उलटं. लंडनहून 1825 मध्ये हुकूम आला: काउंटी साधारण 40 मैल लांब-रुंद, तिच्यात 100 चौरस मैलांचे 'हंड्रेड', त्यांच्यात 25 चौरस मैलांचे पॅरिश. माणसं नाहीतच अशा थाटात आखणी. जिथे हजारो वर्षं लोक राहत होते, त्यांच्या हद्दी, त्यांची पाणवठ्यांची नावं, कुणी विचारलं? ती जमीन कुणाचीच नव्हती ही समजूत कोर्टाने मोडली 1992 मध्ये, माबो खटल्यात. म्हणून काढायचं तर सोय म्हणून काढू नका, या कारणासाठी काढा.

साखळीवाला
रेवतीताई, मूळ मुद्दा मान्य. फक्त एक भर: हुकूम चौकोनांचा होता, पण सर्व्हेअर जनरल मिचेलने पूर्वेकडच्या 19 काउंट्यांच्या सीमा बऱ्याच ठिकाणी नद्या आणि डोंगरांच्या धारांवरून नेल्या. कंबरलँडची पश्चिम बाजू म्हणजे हॉक्सबरी-नेपियन नदीच. पुढे पश्चिमेला सपाटीवर मात्र पट्टी ठेवून रेघा ओढल्यात. आणि बऱ्याच पॅरिशना मूळ रहिवाशांच्या भाषेतली नावं आहेत. नावं घेतली, जमीनही घेतली, हेही खरं.

तरी ही ओळ पुसल्याने कुणाला जमीन परत मिळत नाही. कुणाची कुठली जागा कोणत्या साली गेली याचा लेखी माग त्याच नकाशांत आहे.

रेवती, मेलबर्न
नकाशे जाळा असं मी म्हटलेलं नाही. टायटलवरचा मान काढा म्हटलं.

गुंठामंत्री
गंभीर चर्चेत घुसतोय, माफी. हे पर्च काय म्हणून हिशेब केला. एकरात 160 पर्च, आपल्याकडे एकरात 40 गुंठे. म्हणजे गुंठा बरोबर 4 पर्च! आणि ऑस्ट्रेलियन लोक ज्या 'क्वार्टर एकर ब्लॉक'ची स्वप्नं बघतात तो 10 गुंठे. आमच्या तालुक्यात 10 गुंठ्यांवर लग्नं जमतात.

भूकरमापक (निवृत्त)
गुंठामंत्री, योगायोग नाही तो. इंग्रजांची जमीन मोजायची गुंटरची साखळी 66 फूट, आमची मोजणीची 33 फूट, बरोबर निम्मी. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, हाच गुंठा. साहेब एकच, दोन्हीकडे साखळी घेऊन गेला.

हॅरिसपार्ककर
माझं मत अर्धंच बदललंय. जुने नकाशे स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, काल रात्री सेंट जॉन पॅरिशचा उघडला. माझा रस्ता नव्हताच त्यावर. दोन मोठे तुकडे, अस्पष्ट नावं, आणि मधून एक ओढा, जो आज कुठे दिसत नाही. बहुतेक आमच्या मागच्या गल्लीखालून पाइपात गेलाय. पाऊस झाला की तिथेच पाणी का तुंबतं ते कळलं. टायटलवरून ओळ काढावी असं अजूनही वाटतं, पण दुसरीकडे कुठे तरी ती जोडलेली राहू दे.

भूकरमापक (निवृत्त)
त्या नकाशाचा फोटो टाका इथे. ओढ्याची हद्द काठाने धरलीय की मध्यातून, तेवढं बघायचंय.