हळीवाच्या गावठी जाती जपायच्या का एकच चांगला वाण धरायचा?

माणदेशी गडी:
आमच्या आज्जी हरभऱ्याच्या कडंला बाळंतिणीच्या लाडवापुरती हळीवाची एक सरी टाकायची, ते बी मी अजून राखलंय. परवा त्यातलं चमचाभर अन् वाण्याकडचं चमचाभर दोन वाट्यांत भिजवलं, तर वाण्याचं नुसतं बुळबुळीत पाणी आणि आज्जीचं खळीसारखं घट्ट. घराघरातलं असलं बी गोळा करून त्यातली विविधता मोजली पायजे राव, उद्या नवा वाण काढायचा तर कच्चा माल हाच.

कृष्णाकाठ सांगली:
दोन वाट्यांवर जात ठरत नसती दादा. रान वेगळं, पाणी वेगळं, बियाचं वय वेगळं. एकाच रानात एकाच दिवशी तीन-तीन वाफे टाका, मग बोला. आणि आपल्याकडं हळीव पिकवून विकतंय कोण? दुकानात येतंय ते राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातनं. गुजरातेत तर असाळियोचा (म्हणजे हळीवच) सुधारित वाण कवाच निघालाय, तो आणा की.

माणदेशी गडी:
आणि सगळीकडं तोच लावा? उसात बघतोय की, जिकडंतिकडं को ८६०३२ हा एकच वाण.

कृष्णाकाठ सांगली:
त्याच ८६०३२ वर आमचं घर उभं राहिलंय, नावं ठेवू नका 😄

खुरपं (कराड):
दोघांचं थोडं थोडं चुकतंय. हळीव मोहरीच्या कुळातलं, मूळ इथिओपिया ते पश्चिम आशियाकडचं मानतात. तिकडनं आपल्याकडं मूठभरच बी आलं असंल तर गावागावातलं हळीव वरनं वेगळं दिसलं तरी आतनं सारखंच निघू शकतं, ते डीएनए मार्कर (डीएनएतला फरक दाखवणाऱ्या खुणा) लावल्याशिवाय कळत नाही. युरोपात पानासाठी लावतात, त्यात कुरळ्या पानाचं, रुंद पानाचं असं असतंय, आपण बियांपुरतं बघतो. म्हणजे नुसती गावठी बी जमवून भागायचं नाही, बाहेरचंही पायजे. पण सुधारित वाणसुद्धा आधी असल्याच गोळा केलेल्या बियातनं निवडावा लागतो की कृष्णाकाठ, आभाळातनं पडत नाही.

कृष्णाकाठ सांगली:
ते मान्य. पण निवडायचं कशावर? घट्टपणावर का उताऱ्यावर? वाणी दोन्हीला भाव एकच देतो.

खुरपं (कराड):
आधी भुरीवर (पानावरच्या बुरशीच्या रोगावर) बघा, थंडीत पानं पांढरी पडली की उतारा गेला.

माणदेशी गडी:
आमच्यात भुरी येती की. तरी सरी लावतोच औंदा, वाण्याचं अन् आज्जीचं शेजारी-शेजारी.

कृष्णाकाठ सांगली:
तीन-तीन वाफे म्हणलं होतं मी. आणि मलाबी मूठभर धाडा, कागदाच्या पुडीत, प्लॅस्टिकात नको.