मदत हवी आहे : सहावीच्या वर्गाला हरिकथा आणि मीलाद दाखवायचंय

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, राहायला इथल्या लष्कर भागात. इथल्या एका मुस्लिम संस्थेच्या शाळेत सहावीला सामाजिक शास्त्र शिकवते. विविधतेचा धडा मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, पण डोक्यात काही शिरत नाही.

परवा चतुर्थी होती. माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी पाहून एकानं विचारलं, "मॅडम, रोजा है क्या?" मग अख्खी मधली सुट्टी त्यातच गेली. पाणी चालतं का? बटाटा चालतो तर उपास कसला? (याचं उत्तर मलाही कधी देता आलेलं नाही.) त्यांनी मग सहरी-इफ्तारीचं सांगितलं. धडा असा व्हायला हवा!

आमच्या शाळेत दीनियात (इस्लामचं धर्मशिक्षण) शिकवणाऱ्या मौलानासाहेबांनी कुराणातल्या ४९व्या सूरेतली १३वी आयत काढून दिली : माणसांच्या जमाती, कबिले वेगवेगळे केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. तिथून पुढे मुलांना ग्वाल्हेरमधल्याच हजिऱ्याला न्यायचा विचार आहे. तिथे सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा आणि त्याच आवारात तानसेनची समाधी. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सुरुवातीला तिथे ढोलीबुवांची हरिकथा (कीर्तन) होते आणि मीलादही, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण.

अडतंय ते पालकांपाशी. "हरिकथेला कशाला?" असं दोघा-तिघांनी विचारलंय, आणि त्यांची धास्ती मला अगदीच खोटी वाटत नाही. त्यांना चिठ्ठीत काय लिहू? आणि एखाद्या मराठी शाळेची सहावी सोबत आली तर दोन्हीकडच्या मुलांना बोलतं कसं करायचं? कुणी असं केलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.