टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत आणि आता मूलही हवंय: मदत हवी आहे

दिवाभीत

विषय नाजूक आहे म्हणून नवा आयडी घेऊन लिहितोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वय ३४. बराच काळ थकवा होता, कामेच्छा जवळपास संपली होती, दाढीही विरळ व्हायला लागली होती. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन तपासलं. दोन्ही वेळा २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. वृषणांना कामाला लावणारी पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) संप्रेरकं, एलएच आणि एफएसएच, तीसुद्धा कमी. प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक ठीक, पिट्युटरीचा एमआरआय ठीक. बिघाड वृषणांत नाही, वरून येणारा हुकूमच कमी पडतोय, असं सांगून इंजेक्शन सुरू केलं.

फरक पडला, खोटं कशाला बोलू. पण काही महिन्यांनी अंडकोश हाताला लहान आणि मऊ लागायला लागले. विचारलं तर 'होतं असं, काळजी करू नका' एवढंच उत्तर. आम्हाला वर्ष-दीड वर्षात मूल हवंय आणि हे सुरुवातीला मला कुणी विचारलंच नाही.

इंजेक्शन बंद करू का? सोबत एचसीजी हे संप्रेरक घेतलं तर चालतं असं वाचलं, खरं आहे का? जिममधला एक जण एचसीजीची बाटली आणून देतो म्हणतोय. आणि जे आकुंचन झालंय ते परत भरून येतं का?

स्टेथोस्कोप

पुरुष-वंध्यत्वाचे रुग्ण पाहतो. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे औषधाची चिठ्ठी समजून वाचू नका.

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन हे दोन वेगळे हिशोब आहेत. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्ताच्या कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथल्याच लायडिग पेशी एलएचच्या सांगण्यावरून बनवतात. बाहेरून इंजेक्शन दिलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, मग तो एलएच-एफएसएच पाठवणं थांबवतो. रक्तातला आकडा झकास, वृषणात दुष्काळ. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा तीन आठवड्यांत वृषणातलं टेस्टोस्टेरॉन ९४ टक्क्यांनी घसरलं. ज्यांना सोबत दिवसाआड २५० युनिट एचसीजी दिलं, त्यांच्यात घट फक्त ७ टक्के होती. एचसीजी एलएचचीच जागा घेतं, म्हणून हे जमतं.

आकाराचं म्हणाल तर वृषणाचा बहुतेक भाग शुक्राणू बनवणाऱ्या नलिकांचाच असतो. काम थांबलं की त्या आकसतात. काम सुरू झालं की बहुतेकांचा आकार बऱ्याच अंशी परत येतो.

'सोबत एचसीजी' या मार्गाबद्दल २०१३ मध्ये २६ पुरुषांची माहिती प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉनबरोबर दिवसाआड ५०० युनिट एचसीजी घेणाऱ्या या पुरुषांपैकी वर्षभरात कुणाचेही शुक्राणू शून्यावर आले नाहीत. उत्साहवर्धक आहे, पण संख्या लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्याला मूल पाच वर्षांनी हवंय त्याच्यासाठी हा विचार ठीक. तुम्हाला वर्ष-दीड वर्षात हवंय. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: मूल होण्यासाठी सध्या प्रयत्न करणाऱ्याला बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊ नये.

म्हणून तुमच्या डॉक्टरांशी बोलायचं ते इंजेक्शन थांबवून एचसीजीवर जायचं का, काही महिन्यांत शुक्राणू दिसले नाहीत तर एफएसएच जोडायचं का, की क्लोमिफीन चालेल, याबद्दल. क्लोमिफीन मेंदूवरचा इस्ट्रोजेनचा ब्रेक काढतं आणि शरीराकडूनच एलएच वाढवून घेतं. अर्थात त्यासाठी पिट्युटरीत दम शिल्लक हवा. ज्यांची वृषणंच मुळात निकामी आहेत, त्यांना याचा फारसा उपयोग नाही.

एक विचारतो: एलएच कमी का झालं, हे कुणी शोधलं का? वजन किती? घोरता का? अफूजन्य वेदनाशामक किंवा पूर्वी जिमची स्टेरॉइड्स घेतली होती का? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलंय?

खट्याळ

म्हणजे हे पुरुषांचं गर्भनिरोधकच झालं की राव!

स्टेथोस्कोप

गंमत नाही, तसा प्रयोगच झालाय. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे ६५ टक्के पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. उरलेल्यांचे आले नाहीत, म्हणून कुणी त्यावर विसंबू नये.

उंबरठा

मी या वाटेने गेलोय. वीर्यतपासणीत शून्य आलं होतं. इंजेक्शन थांबवल्यावर पहिले काही आठवडे फार वाईट गेले. चिडचिड, रडू येणं, अंथरुणातून उठवेना. हे आधी माहीत असतं तर बायकोला सांगून ठेवलं असतं. डॉक्टरांनी एचसीजी दिलं, वर्ष उलटल्यावर आकडा कामापुरता वर आला. एचसीजीने छाती दुखरी झाली होती, तेव्हा इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) तपासून डोस कमी केला.

आणि वहिनींचं वय मध्ये घ्या. आम्ही माझ्याच रिपोर्टांत गुंतलो आणि बायकोच्या तपासण्या उशिरा झाल्या. दोघांच्या एकदम करून घ्या.

दिवाभीत

@स्टेथोस्कोप, वजन बरंच जास्त आहे. घोरणं इतकं की बायको दुसऱ्या खोलीत झोपते. स्टेरॉइड्स कधीच नाहीत. झोपेबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. फेरिटिन केलेलं नाही.

@उंबरठा, आभार. बायकोचं वय ३३. इंजेक्शन आजपासूनच सोडून देऊ का?

स्टेथोस्कोप

स्वतःच्या मनाने सोडू नका, पुढचा डोस घ्यायच्या आधी एंडोक्रिनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे तज्ज्ञ) किंवा अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या प्रजननाचे तज्ज्ञ) गाठा. झोपेची तपासणी मागून घ्या. लठ्ठपणा आणि झोपेत श्वास अडकणं, दोन्हींमुळे एलएच दबलेलं राहू शकतं. वजन उतरलं की अनेकांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि त्यात शुक्राणूंचं काही बिघडत नाही. शिवाय उपचार न केलेल्या श्वास अडकण्याच्या विकारात टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट व्हायचा धोका असतो. हेमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर इंजेक्शन तसंही थांबवावंच लागतं. तो रिपोर्ट काढून बघा.

जिमवाल्याची बाटली नको. आत काय आहे ते कळायला मार्ग नाही, थंडाव्यात ठेवली होती का तेही नाही. आणि डोस ठरतो तो रक्ततपासणी बघून.

भरून येण्याबद्दल: २००६ मध्ये तीस अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. संप्रेरकांनी शुक्राणू थांबवलेल्या पुरुषांपैकी ६७ टक्के सहा महिन्यांत, तर ९० टक्के वर्षभरात दर मिलीलिटर २ कोटींपर्यंत परत आले. ते पुरुष मुळात निरोगी होते, तुमचं एलएच आधीच कमी होतं, तेव्हा तुम्हाला जास्त वेळ किंवा औषधांची मदत लागू शकते.

दिवाभीत

वीर्यतपासणी आत्ताच करू की औषध बदलल्यावर?

स्टेथोस्कोप

आत्ताच. आधीच्या वीर्यस्खलनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्या, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. थोडे जरी शुक्राणू दिसले तरी गोठवून ठेवण्याबद्दल त्याच भेटीत विचारा. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ते वर्षानुवर्षं टिकतात. शून्य आलं तर हाय खाऊ नका. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, बाहेर यायला आणखी थोडे. औषध बदलल्यावर तीन महिन्यांच्या आत रिपोर्ट काढून काहीच कळत नाही. तोवर झोपेची तपासणी उरकून घ्या आणि सगळे जुने रिपोर्ट एका फायलीत लावून घेऊन जा.