मदत हवी आहे: प्रोसेसर एएमडीचा रायझन ७६०० की ७८००एक्स३डी?

गेमिंग पीसी जुळवतोय. मॉनिटर १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल), सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम५ पक्कं. ७६०० मध्ये सहा कोअर, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आणि डब्यातच कूलर. ७८००एक्स३डी मध्ये आठ कोअर, ९६ एमबी कॅश, पण कूलर वेगळा घ्यायचा. १४४०पीला बहुतेक गेममध्ये भार ग्राफिक्स कार्डावरच येतो, म्हणून फरकाचे पैसे कार्डात घालावेत असं माझं मत. पण सिम्युलेशन आणि मोठे स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांनो, तिथे ७६०० वर फ्रेम अडखळतात का?

रॅम डीडीआर५-६०००, १६ जीबीच्या दोनच स्टिक (चार लावल्या की वेग उतरतो).

बी६५० मदरबोर्ड बायॉस फ्लॅशबॅक बटणवालाच हवाय (बायॉस म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर; या बटणाने ते प्रोसेसर चालत नसतानाही पेन ड्राइव्हवरून अपडेट होतं); पुढे नवा प्रोसेसर बसवताना जुन्या बायॉसमुळे डिस्प्लेच येत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत पक्क्या बिलावर मिळेल का?